सातपुड्याचे पाणी

जलाशयाची उपयुक्तता त्याच्या विस्तारापेक्षा स्थानावर अधिक अवलंबून असते, ही गोष्ट सातपुड्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली सरदार सरोवराच्या विजेपैकी २७ टक्के वाटा महाराष्ट्रास दिला. परंतु त्या जलाशयापायी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. पाणी दरीत साठले. ते आपण होऊन वरच्या पाड्यांकडे थोडेच चढणार! याउलट, तोरणमाळच्या पठारावर यशवंत तलाव आहे तसा उंचावरील साठा उतारानेच खालच्या शेतांस पोसू शकतो. हल्ली पाऊस मोजक्या दिवसांत कोसळून दीर्घकाळ दडी मारतो. तेव्हा डोंगरावर लहान जलाशय बांधणे हितावह होय. मात्र ज्याच्या भूमीवर पाणी अडते, पहिली ओंजळ त्याची असावी.