गोलरक्षक झाला गुरु: बॉबी क्लार्क आणि नॉटर डेम

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपण सर्व धर्मबंधुभगिनी गेलेल्या वर्षांची मोजदाद करीत आहों. किती वर्षें लोटलीं, हें सांगणें सोपें. त्या वर्षांत काय पेरलें आणि काय उगवलें, हें सांगणें कठीण. म्हणून ज्यांच्या श्रमांस २८ वर्षांनीं फळ आलें, अशा एका फुटबॉल-शिक्षकाची हकीकत वाचकांपुढें ठेवणें अप्रस्तुत होणार नाहीं.

बॉबी क्लार्क यांचा जन्म १९४५ सालीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं झाला. १९६५ पासून १९८२ पर्यंत ते ॲबर्डीन संघाचे गोलरक्षक होते. १९७० सालीं या संघानें बलाढ्य सेल्टिक संघास ३-१ असें हरवून स्कॉटिश चषक जिंकला. पुढल्याच हंगामांत क्लार्क यांनीं सतत १,१५५ मिनिटें एकहि गोल होऊं दिला नाहीं. ब्रिटनमधील हा उच्चांक १९८७ पर्यंत अबाधित राहिला. स्कॉटलंडच्या वतीनें ते १७ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. १९८० सालीं ॲबर्डीननें लीगचें विजेतेपद मिळविलें, तेव्हांहि ते संघांत होते. येवढी कीर्ति पदरीं असतां दुसरा एखादा मनुष्य जुन्या आठवणींवर उरलेलें आयुष्य सुखानें कंठिता. परंतु क्लार्क यांनीं शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केलेला होता, आणि शिकविणें हाच त्यांचा खरा पिंड होता.

खेळ सोडल्यावर ते झिंबाब्वे देशांतील बुलावायो येथें हायलँडर्स संघास शिकविण्यास गेले. तेथून १९८५ सालीं ते अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत आले. आपण ज्यास फुटबॉल म्हणतों, त्यास अमेरिकेंत सॉकर म्हणतात. तेथील महाविद्यालयीन खेळाची रीतहि निराळी आहे. खेळाडू हा प्रथम विद्यार्थी असतो. साधारणतः चार वर्षें तो संघांत राहतो आणि पदवी घेऊन निघून जातो. शिक्षकानें घडविलेला संघ दर वर्षीं थोडाथोडा मोडतो व तो पुनः बांधावा लागतो. ज्यास ताबडतोब फळ हवें, त्याचें हें काम नव्हे.

डार्टमथनंतर क्लार्क यांनीं न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाची धुरा वाहिली व १९९६ सालीं ते स्टॅनफर्ड विद्यापीठांत रुजू झाले. १९९८ सालीं त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. परंतु इंडियाना विद्यापीठानें त्यास हरविलें. हातातोंडाशीं आलेला घास गेला.

२००१ सालीं ते नॉटर डेम विद्यापीठांत आले. होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनीं १८४२ सालीं इंडियाना प्रांतांत स्थापिलेलें हें काथलिक विद्यापीठ होय. त्याच्या फ्रेंच नांवांतच धन्य कुमारी मरियेचें स्मरण आहे. तेथील सॉकर संघाचे शिक्षक माइक बर्टिसेली हे २००० सालीं अकस्मात् निवर्तले होते. अशा दुःखी मुलांचा संघ क्लार्क यांच्या हातीं आला. त्यांनीं तो धीरानें उभा केला. २०१२ सालीं राष्ट्रीय स्पर्धेंत या संघास पहिलें मानांकन मिळालें. परंतु तिसऱ्या फेरींत पुनः इंडियानाच आडवें आलें!

अखेर १५ डिसेंबर २०१३ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील चेस्टर येथें मेरिलंडविरुद्ध अंतिम सामना झाला. पहिला गोल मेरिलंडनें केला. लिऑन ब्राउन यानें बरोबरी साधली आणि साठाव्या मिनिटास अँड्र्यू ओमॅली यानें डोक्यानें चेंडू जाळ्यांत धाडला. नॉटर डेमच्या पुरुष सॉकर संघाचें हें पहिलेंच राष्ट्रीय विजेतेपद. क्लार्क यांचें वय तेव्हां ६८ होतें. २०१७ च्या हंगामानंतर, नॉटर डेममध्यें १७ हंगाम पुरे करून, ते निवृत्त झाले.

तथापि केवळ चषक हेंच या श्रमांचें फळ मानल्यास हिशेब अपुरा राहील. त्यांचे पुत्र टॉमी हे बालपणीं पित्याबरोबर बुलावायोंत राहिले होते. मोठेपणीं तेथें पुनः खेळावयास गेले असतां, एड्सच्या रोगानें माणसें मरत आहेत व कोणी त्याविषयीं उघड बोलत नाहीं, असें त्यांस आढळलें. पुढें वैद्य झाल्यावर त्यांनीं मित्रांच्या साह्यानें २००२ सालीं ‘ग्रासरूट सॉकर’ ही संस्था काढिली. मुलांस या रोगापासून कसें वांचावें हें ही संस्था फुटबॉलच्या द्वारें शिकविते. मुलें ज्या खेळाडूंस मान देतात, त्यांच्याच तोंडून तीं ऐकतात, हें या कार्याचें मर्म आहे. पिता ज्या मैदानावर चेंडू शिकवीत होता, त्याच गांवीं पुत्रानें जीवरक्षणाचा धडा घातला.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतहि सायंकाळीं मुलांस खेळ शिकविणारे, रविवारीं धर्मशिक्षण देणारे, गायकवृंदास सूर लावून देणारे कितीतरी जण आहेत. त्यांचीं नांवें बहुधा कोणत्याच फलकावर कोरलेलीं नसतात. त्यांनीं शिकविलेलीं मुलें चार दिवसांनीं नोकरीधंद्यास निघून जातात, आणि हे पुनः नव्या मुलांपासून आरंभ करितात. त्यांनीं खचून जाऊं नये. पेरणारा एक व कापणारा दुसरा असला, तरी शेत एकाच धन्याचें आहे. या ज्युबिलीच्या दिवशीं अशा सर्वांचें आपण कृतज्ञतेनें स्मरण करूं या, आणि त्यांपैकीं जे आपल्यांत आहेत त्यांस, वेळ निघून जाण्यापूर्वीं, तोंडानें तसें सांगूं या.