लाल पेनाचा गोल आणि कॉम्प्युटरचं शून्य

परवा भाचा पुण्याहून आला तो तोंड पाडूनच. लिनक्सच्या प्रॅक्टिकल परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच. मोबाईलवर आलेला निकाल त्याने दाखवला. पाच-सहा विषय, प्रत्येकापुढे टक्के, आणि एका विषयापुढे चक्क शून्य. "मामा, हे काम मी ऑफिसात रोज करतो. शून्य कसं येईल? बरं, चुकलं असेल, पण कुठे ते तरी सांगा ना!" फीमध्ये त्याचा निम्मा पगार गेला होता.

मला माझे टायपिंगचे दिवस आठवले. बार्शीत क्लासला जायचो तेव्हा सर कागद हातात घेऊन चुकलेल्या प्रत्येक अक्षराभोवती लाल पेनाने गोल करायचे. बारा गोल म्हणजे बारा चुका. राग यायचा, पण दुसऱ्या दिवशी बोट नेमकं कुठे घसरतं ते कळलेलं असायचं.

क्लासात मिळणारा हा लाल गोल खऱ्या परीक्षेत बघायला मिळणं मात्र आपल्याकडे कधीच सोपं नव्हतं. दहावी-बारावीच्या आपल्या बोर्डाचा जुना नियम असा होता की बेरीज बरोबर आहे का, एवढी गुणपडताळणी करून मिळेल. उत्तरपत्रिका बघायला मिळणार नाही, पुन्हा तपासूनही मिळणार नाही. मुलं कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने नियम रद्द केला. पण 1984 साली सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा कायम केला. लाखो मुलांचे निकाल असतात, त्यांना कुठेतरी अंतिम रूप यायला हवं, असा त्यामागचा विचार होता.

मग 2005 साली माहितीचा अधिकार आला. ऑगस्ट 2011 मध्ये सीबीएसईच्या एका प्रकरणात त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि परीक्षार्थीला ती बघण्याचा हक्क आहे. आज आपल्या बोर्डाकडे छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनही होतं. हक्काला मर्यादा आहेत. 2018 मध्ये यूपीएससीच्या प्रकरणात कोर्टानेच म्हटलं की असा तपशील सरसकट देता येणार नाही. तरीही 1984 पासून आपण बरंच अंतर चाललो.

आता कॉम्प्युटरच्या परीक्षांकडे या. नव्वदच्या दशकात आयटी सर्टिफिकेटं बहुतेक पर्याय निवडण्याच्या प्रश्नांवर मिळायची. प्रश्न फुटायचे, लोक पाठ करायचे. हातात सर्टिफिकेट आणि सर्व्हर बंद पडला की घाम! अशांना 'पेपर एमसीएसई' म्हणून चिडवायचे. त्यावर उत्तर म्हणजे प्रॅक्टिकल परीक्षा. सिस्कोने 1993 मध्ये सीसीआयई सुरू केली. तिची लॅब तेव्हा दोन दिवसांची असायची आणि पहिल्या दिवशी पुरेसे गुण नसतील तर दुसऱ्या दिवशी आत घेत नसत. 2001 मध्ये ती एका दिवसावर आली. 1999 मध्ये रेड हॅटने आरएचसीई आणली. 300 पैकी 210 गुण हवेत. मशीन समोर, काम करून दाखवा. कल्पना उत्तमच होती, आजही आहे.

पण तपासणी कशी होते? बऱ्याच परीक्षांत मशीन रिबूट करतात आणि एक स्क्रिप्ट बघते की सांगितलेली गोष्ट चालते का. तुम्ही कसं केलं, किती जवळ पोचलात, याच्याशी तिला बहुतेक वेळा देणंघेणं नसतं. डिस्क जोडायच्या फाइलमध्ये एक अक्षर चुकलं आणि मशीन सुरूच झालं नाही, तर आधीची दहा बरोबर कामंही कोणी बघत नाही. हेही मला मान्य आहे. बँकेचा सर्व्हर रात्री बंद पडला तर "नव्वद टक्के बरोबर होतं" म्हणून चालत नाही.

मान्य नाही ते त्यानंतरचं मौन. कंपन्या म्हणतात, प्रश्न थोडे असतात, चूक सांगितली की प्रश्न फुटतो. यात तथ्य आहे. पण प्रश्न सांगू नका, निदान चुकीचा प्रकार तरी सांगा. 'रिबूटनंतर टिकलं नाही', 'परवानगी चुकली', 'काम दुसऱ्याच मशीनवर केलं' एवढी एक ओळ दिली तर कुठला पेपर फुटतो?

आणि गंमत बघा. 1984 मध्ये अडचण माणसांची होती. लाखो पेपर पुन्हा कोण काढणार, कोण तपासणार? आज तपासणारं मशीनच आहे. कुठली चाचणी पास झाली, कुठली नाही, हे त्याला त्याच क्षणी माहीत असतं. म्हणजे अडचण संपली, पण मौन तेवढं राहिलं. माहितीचा अधिकार सरकारी संस्थांना लागू आहे, खासगी परदेशी कंपनीला नाही. आणि नोकरीच्या जाहिरातीत सर्टिफिकेट तर त्याच कंपनीचं मागतात!

शहरातल्या मुलाची फी कधी कधी ऑफिस भरतं. आमच्या तालुक्यातून गेलेला मुलगा स्वतःच्या खिशातून भरतो. त्याला तिसऱ्यांदा बसायचं तर काय सुधारायचं हे माहीत नाही, म्हणून तो सगळंच पुन्हा वाचतो. ही परीक्षा कौशल्याची राहत नाही, पैशाच्या दमाची होते.

भाचा रात्री निघताना म्हणाला, "मामा, तुमच्या सरांचा तो लाल पेन बरा होता." मी त्याला म्हटलं, "पुढच्या वेळी प्रत्येक कामानंतर रिबूट करून बघ." एवढंच सांगता आलं. खरं तर हे त्याची फी घेणाऱ्यांनी सांगायला हवं होतं.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर कमेंटमध्ये लिहा. नापास झाल्याची लाज नको. चूक कुठे झाली हे विचारणं म्हणजे गुण वाढवून मागणं नव्हे.