विलायतेच्या ट्रंकेत काय भरले होते?

१८९१ च्या पावसाळ्यात मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन मुंबईला उतरले, तेव्हा थोरल्या भावाने त्यांना थेट राजकोटला नेले नाही. आधी नाशिकला आणले. समुद्र ओलांडला म्हणून जातीने त्यांना तीन वर्षांपूर्वीच वाळीत टाकले होते. निदान एका गटाची समजूत पटावी यासाठी गोदावरीत, नाशिककरांच्या भाषेत गंगेवर, त्यांना स्नान घालण्यात आले. पुढे राजकोटला जातीला जेवण दिले आणि त्या गटापुरता प्रश्न मिटला.

स्नानाने परदेशगमनाचा दोष गेला असे मानले गेले. अंगावरचा विलायती पोशाख मात्र पुढे कितीतरी वर्षे टिकला. परदेशी जाताना काय घालायचे हा प्रश्न त्या काळात थंडीपुरता नव्हताच. तिकडच्यांसमोर कसे उभे राहायचे आणि परत आल्यावर आपल्या माणसांना तोंड कसे दाखवायचे, या दोन्हींचे उत्तर एकाच ट्रंकेत भरायचे होते.

सप्टेंबर १८८८ मध्ये निघताना मित्रांनी गांधींसाठी कपडे शिवून घेतले होते. आखूड जाकीट त्यांना असभ्य वाटले, नेकटाय तर मुळीच आवडला नाही. बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा जोड उतरताना घालायचा म्हणून जपून ठेवला. साउदॅम्प्टनला पाय ठेवला तो सप्टेंबरच्या अखेरीस. धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच! बदलायला दुसरे कपडेही हाताशी नव्हते, कारण सामान आणि किल्ल्या एजंटाकडे दिल्या होत्या. पुढे मुंबईला शिवलेले कपडे तिथे शोभत नाहीत असे वाटून त्यांनी आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून नवे घेतले, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट शिवला आणि एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली. हे सगळे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. कपडे आधी शिवून नेऊ नयेत, तिकडे जाऊन घ्यावेत, हा सल्ला आजही मिळतो. त्यामागचा अनुभव इतका जुना आहे.

पुरुषाला निदान पोशाख बदलण्याची मुभा होती. कोट-पाटलोण चढवून वर पगडी किंवा फेटा ठेवला की दोन्हीकडची बाजू सांभाळली जाई. बाईचे तसे नव्हते. तिने परदेशात घरासारखेच दिसले पाहिजे, ही अपेक्षा तिच्या सामानात सगळ्यांत जड होती.

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये वैद्यक शिकायला कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्याआधी फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेल्या भाषणात त्यांनी लोकांना शब्द दिला की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. निघताना वय अवघे अठरा. फिलाडेल्फियातल्या हिवाळ्यात नऊवारीची अडचण कळली. काष्टा घातला की पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्याकडच्या हवेत ते सोयीचे, पण बर्फात नाही. शिवाय पाय दिसणे तिकडच्या समाजात अशोभनीय. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, नेसण बदलली. गुजराती पद्धतीने नेसल्यावर पाय घोट्यापर्यंत झाकले जात. आपल्या पोशाखावरून कोणी बोट दाखवू नये आणि शरीराचेही रक्षण व्हावे, यासाठी त्या वयात काढलेला हा मार्ग फार विचारी होता. १० ऑक्टोबर १८८५ ची तारीख असलेले वैद्यकीय महाविद्यालयातले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या पोशाखातल्या सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघींनीही पाश्चात्त्य झगा घातलेला नाही. आनंदीबाई पदवी घेऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने गेल्या.

नाशिकजवळच्या भगूरच्या विनायक सावरकरांपुढे प्रश्न वेगळ्या रूपात आला. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी त्यांच्या पुढाकाराने पेटली. त्याबद्दल फर्ग्युसन कॉलेजात दंड आणि वसतिगृहातून हकालपट्टी झाली. वर्ष उलटायच्या आत, जून १९०६ मध्ये ते ‘पर्शिया’ बोटीने लंडनला निघाले. त्यांची लंडनची छायाचित्रे सुटाबुटातली आहेत. यात विसंगती शोधणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की होळी कापड कोणत्या गिरणीचे आणि त्याचा पैसा कोणाच्या खिशात जातो यावरून पेटली होती. कोट कोणत्या कापाचा हा वाद तिच्या मुळाशी नव्हता.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, लंडनला गेले आणि दोन महिन्यांत परतले. त्यांचे लक्ष कपड्यांपेक्षा चित्रपटाच्या विल्यमसन कॅमेऱ्यावर होते. त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. त्यांच्या सामानात एक उपरणे होते. ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दिलेले. रानडे जन्माने निफाडचे, काही काळ नाशिकला न्यायखात्यात होते. १९०१ मध्ये ते वारले. गोखले ते उपरणे जिवापाड जपत आणि खास प्रसंगीच घेत. जोहान्सबर्गला तिथल्या हिंदी लोकांनी मेजवानी ठेवली होती. गोखले ते घेऊन जाणार, तर उपरण्याला सुरकुत्या पडलेल्या. इस्त्रीसाठी बाहेर पाठवायला वेळ नव्हता. गांधींनी इस्त्री करतो म्हटले. गोखल्यांचा त्यांच्या वकिलीवर विश्वास होता, परीटकामावर नव्हता. डाग पडला तर काय, ही धास्ती. गांधींनी आग्रह धरला, इस्त्री केली आणि गोखल्यांनी शाबासकी दिली. हा प्रसंगही आत्मचरित्रातलाच. परदेशवारीच्या सामानात गुरूच्या आठवणीला जागा देणारे गोखले इथे फार जवळचे वाटतात.

पुढचे पान पुन्हा नाशिकचेच. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी बोटीत बसले. लंडनहून ते सत्याग्रहाचे नाशिकमधले नेते भाऊराव गायकवाड यांच्याशी पत्रव्यवहार करत होते. परिषदेतले त्यांचे छायाचित्र नीटस सुटातले आहे. पुढच्या वर्षी गांधी पंचा नि शाल पांघरून राजवाड्यात गेले, त्याचे जगभर कौतुक झाले. बाबासाहेबांच्या सुटाचा अर्थ तितक्याच गांभीर्याने वाचला पाहिजे. ज्या माणसांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या उतरलेले कपडे आणि प्रेतावरचे कापड आले, त्यांच्या प्रतिनिधीने चांगले शिवलेले कपडे घालणे हीच मागणी होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायकांना सांगितले होते की गुडघ्यापर्यंतचे लुगडे सोडा, पाऊल झाकेल असे नेसा. एका तरुणीने फिलाडेल्फियात थंडीसाठी आणि सभ्यतेसाठी जे केले, तेच महाडच्या बायकांनी स्वाभिमानासाठी केले.

आज नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबई विमानतळ गाठणाऱ्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागत नाही. जीन्स आणि जाकीट नाशिकमध्येच घातलेले असते. ट्रंकेचा भार उलट दिशेने वाढला आहे. अमेरिकेतल्या लेकीकडे निघालेल्या आईच्या तेवीस किलोंच्या बॅगेत थर्मल एका कोपऱ्यात आणि येवल्याची पैठणी मधोमध, मऊ सुती कापडात गुंडाळलेली. जर मोडू नये म्हणून घडी बदलून ठेवलेली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने अमेरिकेत दर दोन वर्षांनी भरतात, तिथे ती नेसली जाते. शिवलेली नऊवारीही जाते, कारण तिकडच्या नातीला काष्टा घालता येत नाही. पूर्वी लाज आणि अडचण वाटली ते वस्त्र आता हौसेने नेले जाते.

या इतिहासात नावे आहेत ती नामवंतांची. नाशिकमधून आफ्रिकेत, विलायतेत, आखातात गेलेल्या कारकुनांनी, परिचारिकांनी, कामगारांनी सामानात काय नेले हे कोणी लिहिले नाही. घरात जुनी ट्रंक असेल, शिंप्याचे बिल किंवा बोटीवरून आलेले पत्र असेल, तर ते रद्दीत घालू नका. आजी-आजोबांना विचारून तारीख-वार लिहून घ्या आणि त्याची एक प्रत १८४० पासून चाललेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेपर्यंत पोचवा.