लाईट गेली, खिडक्याही गेल्या

माळेगाव, सणसर, निमगाव केतकी; बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या कुठल्याही आपले सरकार सेवा केंद्रात डोकावा. पडद्यावर डावीकडे सातबाऱ्याचं पोर्टल, उजवीकडे पीक विम्याचा अर्ज, कोपऱ्यात पासबुकाचं स्कॅन. मांडणी चालकाच्या हातात बसलेली असते. वळवाचं वारं सुटतं, लाईट जाते. आल्यावर डेस्कटॉप कोरा आणि रांग तशीच.

ही मांडणी जपण्याचा खटाटोप पन्नासेक वर्षांचा आहे आणि त्यात दोन घराणी दिसतात. पहिलं झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्राचं. १९७०च्या दशकात ॲलन के यांच्या गटाने घडवलेल्या स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग प्रणालीत चालू असलेला सगळा पसारा, खिडक्यांसकट, एका ‘इमेज’ फाइलमध्ये उतरवता येई. विंडोज २००० मधलं हायबरनेट त्याच वळणाचं: मेमरी जशीच्या तशी डिस्कवर.

दुसरं घराणं यादीवाल्यांचं. काय उघडं होतं ते टिपायचं आणि पुन्हा उघडायचं. विंडोज ३.१च्या (१९९२) प्रोग्राम मॅनेजरमध्ये बाहेर पडताना मांडणी जपायची सोय होती, पण ती त्याच्या स्वतःच्या खिडक्यांपुरती. युनिक्सच्या जगात खिडक्या सांभाळणाऱ्या एक्स प्रणालीच्या १९९४च्या आवृत्तीने, एक्स११आर६ने, रीतसर नियमच घातला. सेशन मॅनेजर प्रत्येक प्रोग्रामला सांगणार, ‘तुझी स्थिती जपून ठेव.’ पुष्कळ प्रोग्रामांनी ते कधी मनावर घेतलं नाही. एक्सच्या जागी आलेल्या नव्या वेलँडमध्ये तर आपली खिडकी पडद्यावर कुठे आहे हे प्रोग्रामला कळतच नाही.

या सगळ्यांनी गृहीत धरला तो माणूस काम आटोपून, नीट बंद करून उठणारा. फीडर ट्रिप होताना कोणाला विचारून होत नाही! आपल्याकडच्या उपयोगाची चाल आली ऑक्टोबर २००६ मध्ये, फायरफॉक्स २ बरोबर. ब्राउझर मध्येच कोसळतो म्हणून त्याने चालू कामातच टॅबांची नोंद ठेवायला सुरुवात केली. आज ही नोंद साधारण दर १५ सेकंदांनी होते. धास्ती क्रॅशची होती, फायदा लाईट जाणाऱ्या गावांना झाला. अर्थात टॅब परत आले तरी पोर्टलचं लॉगिन बहुधा संपलेलं असतं. ओटीपी पुन्हा मागवावाच लागतो.

केंद्र चालवत असाल तर एवढं करा. यूपीएसला यूएसबीची सोय असेल तर ती वायर संगणकाला जोडा आणि बॅटरी संपत आली की हायबरनेट, अशी सेटिंग ठेवा. बॅटरी मात्र जिवंत हवी.