गृहाभ्यास : आंतरदेशीय दत्तकग्रहणातील

परदेशातील मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या दांपत्याचे वा एकट्या व्यक्तीचे घर, कुटुंब, प्रकृती, मिळकत, पूर्वायुष्य आणि मनोभूमिका यांविषयी प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याने समक्ष भेटीगाठींतून केलेली चौकशी, आणि तिच्या आधारे सिद्ध केलेला लेखी अहवाल, या दोहोंस मिळून गृहाभ्यास म्हणतात. बोलण्यात मात्र सर्वत्र ‘होम स्टडी’ हाच शब्द रूढ आहे.

आपल्याकडील जुन्या दत्तकविधानात या चौकशीला स्थान नव्हते, कारण तो प्रश्न मुख्यतः वंशाचा, पिंडदानाचा आणि वारशाचा होता. १८५३ सालच्या झाशीच्या दामोदररावांच्या दत्तकाची सरकारदरबारी जी छाननी झाली ती गादीच्या हक्कापुरती होती, आणि सर्वसाधारण कुटुंबात देणारे व घेणारे बहुधा भाऊबंद वा नातलगच असल्याने ज्या घरी मूल जायचे त्या घराची माहिती कोणाला नव्याने काढावी लागत नसे. अनाथालयातील मूल समुद्रापार जाऊ लागले तेव्हा ही स्थिती पालटली. परदेशी पालकांना भारतीय मुले देण्याच्या व्यवहारात चालणाऱ्या गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास १९८२ साली पत्र लिहिले. त्या पत्रासच अर्ज मानून न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी जो निर्णय दिला, त्यात परदेशी अर्जदाराच्या गृहाभ्यासात कोणता मजकूर असलाच पाहिजे हे विस्ताराने घालून दिले. पुढे आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या २९ मे १९९३ च्या हेग करारनाम्याच्या पंधराव्या कलमाने अर्जदाराची ओळख, पात्रता, कौटुंबिक व वैद्यकीय इतिहास, सामाजिक परिस्थिती आणि दत्तक घेण्यामागील हेतू यांचा अहवाल मूल पाठविणाऱ्या देशाकडे धाडणे बंधनकारक केले. भारतात हा करार २००३ पासून आणि अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून अंमलात आहे. पुण्यातील वा दिल्लीतील ज्या अधिकाऱ्यांच्या हाती मुलाचे भवितव्य असते, त्यांना न्यू जर्सीतील ते घर कधीच पाहावयास मिळत नाही. गृहाभ्यास हे त्यांचे डोळे होत, आणि ज्याच्या वतीने चौकशी करणारे आईबाप नाहीत त्या मुलाचाच तो हक्क आहे, ही गोष्ट ध्यानी धरल्यास चौकशीचा जाच वाटेनासा होतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि भारतातून मूल आणू पाहणाऱ्या मराठी कुटुंबाची तयारी कागदपत्रांपासून सुरू होते. जन्माचे व विवाहाचे दाखले, पूर्वीचा घटस्फोट असल्यास त्याचा हुकूमनामा, वैद्यकीय तपासणी, उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जे यांचा तपशील, परिचितांची शिफारसपत्रे हे सर्व जमवावे लागते. वयाच्या अठराव्या वर्षानंतर अर्जदार ज्या ज्या राज्यांत राहिला, तेथील बालछळाच्या नोंदवह्या तपासल्या जातात. घरातील प्रत्येक प्रौढाच्या बोटांचे ठसे घेतले जातात. पुण्याहून आलेले आजीआजोबा सहासहा महिने मुक्कामास असतात, ही बाब म्हणूनच पहिल्याच भेटीत सांगावी. यांखेरीज पालकांना किमान दहा तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. भारताच्या बाजूने ‘कारा’ म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे नियम लागू होतात : दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे, दोन वर्षांखालील मुलासाठी उभयतांच्या वयांची बेरीज ८५ च्या पुढे नसावी, आणि एकट्या पुरुषास मुलगी दत्तक घेता येत नाही.

घराच्या तयारीविषयी गैरसमज फार आहेत. भिंतींना नवा रंग देण्यात आणि दिवाणखाना सजविण्यात जे श्रम खर्ची पडतात त्यांचा उपयोग अल्प. घर भाड्याचे आहे वा लहान आहे एवढ्यावरून नकार येत नाही. पाहिले जाते ते निराळेच. धुराची सूचना देणारा गजर फोडणी दिली की वाजतो म्हणून कोणी त्याची बॅटरी काढून ठेवली असेल, तर ती परत बसवावी. औषधे कुलपात असावीत, जिन्याला आडकाठी असावी, आणि देव्हाऱ्यापुढे जमिनीवर तेवणारी समई रांगत्या मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर न्यावी.

याहून अवघड असते ती मुलाखत, आणि बहुतेक जण तिच्यासाठीच सर्वांत कमी तयार असतात. पतिपत्नींशी एकत्र तसेच स्वतंत्रपणेही बोलणे होते. तुम्ही लहान असताना तुम्हांला शिक्षा कशी होई, असे विचारले जाते. ‘दोन फटके बसायचे, त्यात काय!’ असे उत्तर आले की तुम्ही मुलाला शिस्त कशी लावणार, हा प्रश्न ठरलेलाच. स्वतःचे मूल न झाल्याचे दुःख कितपत निवले आहे, मुलाचा वर्ण, त्याची अज्ञात जात, एखादे व्यंग वा मंद वाढ सासरमाहेरची माणसे कशी स्वीकारतील, ते मूल दत्तक असल्याचे त्याला केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगणार, याविषयी उभयतांनी आधी एकमेकांशी बोलून घ्यावे, कारण हे विषय परक्या व्यक्तीसमोर प्रथमच निघाले तर दोघांच्या उत्तरांतील तफावत तत्क्षणी उघडी पडते. किती वयाचे, कोणत्या आरोग्यस्थितीचे मूल सांभाळण्यास हे कुटुंब समर्थ आहे, याची शिफारसही अहवालात नोंदविली जाते. म्हणून आपली मर्यादा सांगताना संकोच बाळगू नये.

या सर्वांत एकच दोष खरोखर घातक, तो म्हणजे लपवाछपवी. तारुण्यातील एखादी अटक, पुढे न्यायालयाने नोंद पुसून टाकली असली तरीही, अमेरिकेच्या नियमांनुसार उघड करावीच लागते. तीच गोष्ट पूर्वी नामंजूर झालेल्या गृहाभ्यासाची. नैराश्यावर घेतलेला उपचार सांगितला तर त्याचा विचार होऊ शकतो, मागाहून उघडकीस आला तर अर्जच फेटाळला जाऊ शकतो. माझ्या मते यात कठोरता नाही : चुकीपेक्षा ती दडविण्याची सवय मुलाला अधिक बाधते.

अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडे अर्ज रुजू होतेवेळी अहवाल अथवा त्याची अखेरची सुधारणा सहा महिन्यांहून जुनी चालत नाही. घर बदलले, नोकरी गेली, कुटुंबात माणूस वाढले वा आजार उद्भवला, तर पुरवणी जोडावी लागते. भारतात राहून अन्य देशातील मूल दत्तक घेणाऱ्या भारतीयाचा गृहाभ्यास येथेच होऊन ‘कारा’मार्फत त्या देशाकडे जातो, दत्तकविधी मात्र तेथील कायद्याप्रमाणे होतो.

भारतातून मूल परदेशी घरी पोहोचल्यावर पहिल्या वर्षी दर तिमाहीस आणि दुसऱ्या वर्षी दर सहामाहीस त्याच्या प्रगतीचा अहवाल भारतात पाठविणे आवश्यक असते. अमेरिकी शासनाच्या दप्तरात हेग करारान्वये झालेल्या दत्तकाचे कागद किमान ७५ वर्षे जतन करून ठेवले जातात.