फिबोनाची प्रत्यावर्तन पातळ्या

फिबोनाची प्रत्यावर्तन पातळ्या (प्रचलित नाव : फिबोनाची रिट्रेसमेंट) हे वित्तीय बाजारांच्या तांत्रिक विश्लेषणातील एक साधन आहे. समभागाची किंमत किंवा निर्देशांक मोठ्या प्रमाणात वर अथवा खाली गेल्यानंतर काही अंशी उलट दिशेने परततो. या परतीस प्रत्यावर्तन म्हणतात. ती कोठे थांबू शकेल याचा अंदाज बांधण्यासाठी मूळ चालीच्या २३.६, ३८.२, ५०, ६१.८ आणि ७८.६ टक्क्यांवर आलेखात आडव्या रेषा आखतात.

गुणोत्तरांचा उगम

एका मात्रेचा लघू व दोन मात्रांचा गुरू घेऊन ठरावीक मात्रांची रचना किती प्रकारे होते, हे मोजताना १, २, ३, ५, ८, १३ ही श्रेणी मिळते. विरहांक आणि बाराव्या शतकातील हेमचंद्र या छंदःशास्त्रकारांना ती ज्ञात होती. इटालियन गणिती फिबोनाची याने १२०२ मधील 'लिबेर अबाची' या ग्रंथात सशांच्या वाढीच्या उदाहरणातून ती मांडली व पुढे त्याचेच नाव रूढ झाले.

श्रेणीतील मोठ्या संख्येला तिच्या पुढील पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या संख्येने भागल्यास अनुक्रमे सुमारे ०.६१८, ०.३८२ आणि ०.२३६ ही गुणोत्तरे येतात. ०.७८६ हे ०.६१८ चे वर्गमूळ आहे. ५० टक्के ही पातळी मात्र अशा भागाकारातून आलेली नाही. अर्धी परत ही बाजारातील जुनी समजूत असल्याने ती यादीत समाविष्ट झाली.

उदाहरण : सेन्सेक्स, २०२०

मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स हा निर्देशांक २० जानेवारी २०२० रोजी ४२,२७३.८७ या उच्चांकावर होता. कोविड-१९ च्या साथीत तो २४ मार्च रोजी २५,६३८.९० पर्यंत घसरला. ही घसरण १६,६३४.९७ अंशांची होती. त्यानुसार प्रत्यावर्तनाच्या मुख्य पातळ्या पुढीलप्रमाणे येतात :

३८.२ टक्के – सुमारे ३१,९९३
५० टक्के – सुमारे ३३,९५६
६१.८ टक्के – सुमारे ३५,९१९

३० एप्रिल रोजी निर्देशांक ३३,७१७.६२ वर, म्हणजे ५० टक्क्यांच्या रेषेच्या किंचित खाली, बंद झाला. पुढील व्यवहाराच्या दिवशी, ४ मे रोजी, तो २,००२ अंशांनी कोसळला. जुलैच्या आरंभी मात्र त्याने ६१.८ टक्क्यांची पातळी मोठ्या अडथळ्याविना ओलांडली आणि नोव्हेंबरमध्ये जानेवारीचा उच्चांकही मागे टाकला. एकाच चालीत एक रेषा खरी ठरल्यासारखी दिसते, तर दुसरी निष्प्रभ ठरते.

मर्यादा

उच्चांक आणि नीचांक कोणते धरायचे, हे विश्लेषक स्वतः ठरवतो. त्यामुळे एकाच आलेखावर दोघांच्या रेषा वेगळ्या येऊ शकतात. शिवाय २३.६ ते ७८.६ या टप्प्यातील कोणताही बिंदू जवळच्या रेषेपासून मूळ चालीच्या ८.४ टक्क्यांहून अधिक दूर नसतो. म्हणून परत कोठेही थांबली, तरी ती एखाद्या रेषेजवळ थांबली असे मागाहून म्हणता येते. अनेक व्यापारी त्याच पातळ्यांवर खरेदी-विक्री करत असल्यास त्या काही काळ स्वतःच परिणाम घडवू शकतात. या गुणोत्तरांनी किंमत बांधलेली असते, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. रेषा कोठे पाहावे हे सुचवते. तेथे काय घडेल हे सांगत नाही.