अर्धवाहक उत्पादनक्षमता

अर्धवाहक उत्पादनक्षमता म्हणजे चिपनिर्मितीच्या कारखान्यात (फॅबमध्ये) ठरावीक काळात प्रक्रिया करता येणाऱ्या सिलिकॉन वेफरांची कमाल संख्या होय. वेफर ही सिलिकॉनची पातळ, वर्तुळाकार चकती असते. तिच्यावर एकाच वेळी अनेक चिप्स घडवून नंतर त्या कापून वेगळ्या केल्या जातात. ३०० मिलिमीटर व्यासाच्या वेफरचे क्षेत्रफळ २०० मिलिमीटर वेफरच्या २.२५ पट असते, म्हणून तुलनेसाठी सर्व आकारांचे ३०० मिलिमीटर वेफरांत रूपांतर करतात. या हिशेबाने तैवानमधील टीएसएमसी या कंपनीची २०२३ मधील वार्षिक क्षमता सुमारे १.६ कोटी वेफर होती.

यील्ड

वेफरांच्या संख्येवरून विक्रीयोग्य चिप्सची संख्या कळत नाही. ती यील्डवर, म्हणजे निर्दोष चिप्सच्या प्रमाणावर अवलंबून असते. दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.१ दोष असल्यास, सर्वांत सोप्या सांख्यिकी प्रतिमानानुसार १ चौरस सेंटिमीटरच्या सुमारे ९० टक्के चिप्स निर्दोष निघतात. ६ चौरस सेंटिमीटरच्या चिप्समध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांवर येते. वेफरवरील प्रक्रियेचा खर्च मात्र तेवढाच राहतो. इंटेलची १० नॅनोमीटर प्रक्रिया मुख्यतः यील्डच्या अडचणींमुळे रखडली आणि तिचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन २०१९ पर्यंत लांबले. टीएसएमसीचे ७ नॅनोमीटर उत्पादन २०१८ मध्येच सुरू झाले होते. (ही नावे आता कोणत्याही प्रत्यक्ष लांबीची निदर्शक नाहीत, केवळ आकड्यांवरून दोन कंपन्यांच्या प्रक्रियांची तुलना करणे चुकीचे ठरते.)

भांडवली खर्च

२०२३ मध्ये टीएसएमसीचा भांडवली खर्च सुमारे ३० अब्ज, तर इंटेलचा सुमारे २६ अब्ज अमेरिकी डॉलर होता. महसूल अनुक्रमे सुमारे ६९ व ५४ अब्ज डॉलर असल्याने महसुलाच्या प्रमाणात इंटेलचाच खर्च अधिक ठरतो. तरीही त्या वर्षी इंटेलच्या चिपनिर्मिती विभागाला सुमारे ७ अब्ज डॉलरचा परिचालन तोटा झाला. अर्थात त्या वर्षीच्या खर्चातील बराच भाग पुढे सुरू व्हायच्या कारखान्यांवरचा असतो.

यंत्रे चालोत वा बंद राहोत, त्यांचा घसारा लेख्यांत धरावाच लागतो. त्यामुळे क्षमतेचा वापर घटला की प्रत्येक वेफरचा खर्च वाढतो. घसाऱ्याचा कालावधीही सर्वत्र सारखा नसतो. इंटेलने जानेवारी २०२३ पासून बहुतांश उत्पादन यंत्रांचे आयुर्मान ५ ऐवजी ८ वर्षे धरले आणि कारखान्यात काहीही न बदलता वार्षिक घसारा कमी झाला.

ग्लोबलफाउंड्रीज या कंपनीने २०१८ मध्ये ७ नॅनोमीटर प्रक्रियेचा विकास थांबवला. त्यानंतर अत्याधुनिक लॉजिक चिप्सच्या निर्मितीत टीएसएमसी, सॅमसंग आणि इंटेल याच प्रमुख कंपन्या उरल्या.